डाव्या पायाची साक्ष

मु. पो. पिंपरी पेंढार, ता. जुन्नर
मंगळवार, ता. ११ मार्च २००३

सौ. साळूवन्सं यांना प्रयागबाईचा सप्तांग नमस्कार. (साष्टांगच घालणार होते. तुम्ही वयाने माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण नणंद म्हणून मान मोठा, आणि त्यात मी आजवर कसूर केलेली नाही. पण माझं आठवं अंग सध्या पट्ट्यात गुंडाळलेलं आहे आणि त्याला हुकमाशिवाय हलायची परवानगी नाही.) पत्राच्या सुरुवातीला इकडील सर्व ठीक असं लिहायची रीत आहे. मी ते लिहिणार नाही, कारण इकडचं काहीही ठीक नाही. तुमच्याकडचं कळवा. दाजींचा खोकला हटला का? अडुळशाचा काढा घेतात, की तुमची पाठ वळली की परसात ओततात? म्हैस व्याली असेल तर खरवस पाठवू नका. मागच्या खेपेला शिनोलीहून निघालेला डबा एसटीने इथे पोचेपर्यंत कंडक्टरसुद्धा त्याच्यापासून लांब उभा होता.

आता मुद्द्याचं. वन्सं, माझ्या डाव्या पायाची अब्रू धोक्यात आहे. हसू नका. चैत्रात जत्रेला तुम्ही माहेरी आलात की गाव तुम्हाला देवळापुढे बसवून एक प्रश्न विचारणार आहे, आणि तुम्ही जे बोलाल त्यावर माझी अडतीस वर्षांची पत राहायची की जायची ते ठरणार आहे. त्याआधी खरं काय घडलं ते माझ्या तोंडून तुमच्या कानावर गेलेलं बरं, म्हणून हे पत्र. बाकीच्यांनी सांगितलेलं काहीही ऐकू नका, विशेषतः भागूभाऊजींनी सांगितलेलं. (ते तुमचे चुलतभाऊ आहेत हे मी विसरलेले नाही. त्यांनीही मी त्यांची भावजय आहे हे विसरायला नको होतं.)

मी पायाळू. सगळं जग डोकं पुढे करून जन्माला येतं आणि मी पाय पुढे करून आले, हे पंचक्रोशीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि तुमच्याइतकं तर ते कुणालाच ठाऊक नाही. पायाळू माणसाची लाथ बसली की कमरेची उसण जाते, हेही कुणाला शिकवावं लागत नाही. या गावात ज्याची कंबर भरली तो आमच्या उंबऱ्याशी पालथा पडला नाही असं घर दाखवा. तीन सरपंच पडले, एक तलाठी पडला, बदलीवर आलेला फौजदार टोपी काढून पडला. मी उजव्या पायावर उभी राहायची, पदर खोचायची, आणि डाव्या पायाने तीन लाथा. कधी कुणाकडून सुपारीचं खांड घेतलं नाही. बालवाडीत सकाळी पोरांना अ अननसाचा शिकवायचा आणि दुपारी त्यांच्या बापांना लाथा घालायच्या, असा माझा संसार चालला होता, आणि मी त्यात सुखी होते.

चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी आपला हौशीराम आला. (बैलगाडा शर्यतीच्या घाटात ज्याचा आवाज लाउडस्पीकरच्या वर जातो तोच.) कांद्याची गोणी उचलताना कंबर धरली होती. पालथा पडला. मी दोन लाथा व्यवस्थित दिल्या. तिसरीला पाय उचलला आणि त्याच क्षणी त्याच्या कमरेला लावलेला मोबाइल वाजला. वन्सं, लाथ खाताना माणसाने फोन घ्यावा का? देवळात घंटा वाजवताना कुणी विडी पेटवतं का? तो फोन घ्यायला कुशीवर वळला, माझा पाय कमरेवर पडायचा तो त्या विटेएवढ्या यंत्रावर पडला, घोटा आतल्या बाजूला वळला आणि कडकन आवाज आला. आवाज मोबाइलचा असावा अशी मी देवाकडे प्रार्थना केली. मोबाइल शाबूत होता. हौशीराम ताडकन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, गेली की वो उसण! लई कडक बसली!" आणि तसाच फोनवर कांद्याचा भाव विचारत निघून गेला. त्याची उसण गेली याचं श्रेय मला आहेच, पण त्याने मागे वळून बघायला नको होतं का?

घोटा नारळाएवढा झाला. आता तुमचे बंधू. वन्सं, तुमच्या बंधूंचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, माणूस देव आहे, पण देवासारखंच त्यांना सगळं येतं असं त्यांना वाटतं. त्यांनी चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि तिने ती सूज शेकली. नारळाची पपई झाली. मग आंबेहळद आणि तुरटीचा लेप. मग पेठेहून त्यांच्या मित्राने आणलेलं कसलं तरी काळं तेल, ज्याच्या वासाने मांजर चार दिवस घरात आलं नाही. महिन्याभराने सूज उतरली आणि मी बालवाडीला निघाले, तर गिरणीसमोर सपाट रस्त्यावर, खडा नाही की खड्डा नाही, तो घोटा पुन्हा वळला. संक्रांतीला हळदीकुंकवाचं ताट हातात असताना तिसऱ्यांदा. (तिळगूळ गटारात गेला. गोड बोलायचं राहूनच गेलं.) आणि चौथ्यांदा एसटीच्या पायरीवर, तिथे कंडक्टर म्हणाला, "मावशे, घरी बसायचं वय झालं." मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही, कारण हे पत्र दाजी मोठ्याने वाचतात.

शेवटी तुमचा भाचा आदेश चाकणहून रजा काढून आला आणि मला नारायणगावला घेऊन गेला. पन्नालालशेठचं कापडाचं दुकान तुम्हाला आठवत असेल, तुमच्या लग्नाचा शालू तिथलाच. त्या दुकानाच्या माडीवर आता त्यांच्या नातीने, नीलमने, व्यायामाचा दवाखाना काढला आहे. फिजिओथेरपी म्हणतात. पाटी वाचताना माझी जीभही मुरगळली. खाली शेठाणी झमकूबाई गल्ल्याशेजारी बसलेल्या. मी लंगडत जिना चढताना त्यांनी नातीचं इतकं कौतुक सांगितलं की मला वाटलं, वर गेलं की एक सुई टोचून काम होईल. आणि वर काय, तर सुई नाही, गोळी नाही, पुडी नाही, मलम नाही! वन्सं, औषध न देणारा डॉक्टर मी प्रथमच पाहिला. ती पोरगी माझा पाय मांडीवर घेऊन दहा मिनिटं इकडे तिकडे वळवून बघत बसली आणि म्हणाली, "आजी, हाड चांगलं आहे. पण घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे बंध ताणून सैल पडलेत. आणि पुन्हा पुन्हा वळतोय कारण पाय कसा पडतोय हे घोट्याला आता कळतच नाही. त्याला परत पहिल्यापासून शिकवावं लागेल."

म्हणजे माझा घोटा बालवाडीत घातला! एकतीस वर्षं गावाची पोरं मी शिकवली, त्यातली दोन मास्तर झाली, एक तहसील कचेरीत आहे, आणि माझाच घोटा अडाणी निघाला! बरं, शाळा तरी कशी? जमिनीवर पंचा पसरायचा आणि पायाच्या बोटांनी तो चुण्या पाडत ओढायचा. (खाली शेठच्या दुकानात माणसं पंचे घडी घालून ठेवतात, वर त्यांची नात चुरगळायला लावते.) सायकलच्या ट्यूबचा तुकडा खाटेच्या पायाला बांधून पाऊल बाहेर ओढायचं. डुगडुगणाऱ्या फळीवर उभं राहायचं. आणि सूज आली तर बर्फ. शेकायचं नाही, बर्फ! मी तुमच्या बंधूंकडे पाहिलं. ते भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता वाचत होते. तेव्हापासून ते दर दोन दिवसांनी आळेफाट्याच्या रसवंतीवरून भुशातला बर्फ आणतात, आणि त्या विटेबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही.

सगळ्यात कहर म्हणजे एका पायावर उभं राहणं. आधी उजव्या पायावर उभी राहिले, तर डॉक्टरीणबाई घड्याळ बघतच राहिल्या. दोन मिनिटं ढिम्म! त्यांनी विचारलं, हे कसं? मी म्हटलं, बाई, अडतीस वर्षं याच पायावर उभी राहून लाथा मारते आहे. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग डावा. तीन सेकंद. चौथ्याला मी त्यांच्या गळ्यात. अर्धं मिनिट कशालाही न धरता उभ्या राहिलात की तुम्ही बऱ्या, असं त्यांनी ठरवून दिलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ घरी करायला सांगितलं. घरात सारवलेली जमीन ओली असते म्हणून मी अंगणात तुळशीसमोर उभी राहायला लागले. तिसऱ्या दिवशी बयाबाई कुंपणापाशी थांबली. चौथ्या दिवशी तिच्याबरोबर आणखी दोघी. पाचव्या दिवशी कुणीतरी माझ्या उभ्या पायावर हळदीकुंकू वाहिलं आणि बयाबाईने हळूच विचारलं, "प्रयागबाई, कशापायी बोललाय नवस? आदेशला पोरगा व्हावा म्हनून व्हय?" मी तिला सांगायला तोंड उघडलं आणि तोल गेला. नवस मोडला म्हणून त्या तिघी हळहळत गेल्या. त्या दिवशी वृषाली संध्याकाळपर्यंत काही बोलली नाही. सुनेला मूल होत नाही म्हणून सासू एका पायावर तप करते, असं गावात फिरलं तर तिने बोलावं तरी काय! मी घरोघर जाऊन ते निस्तरलं असतं, पण लंगडत किती घरं फिरणार?

वृषालीचं तुम्हाला लिहायलाच हवं. माझा पाय अधू झाल्यापासून धारा तिच्याकडे, शेण तिच्याकडे, भाकऱ्या तिच्याकडे, बालवाडीच्या पोरांची खिचडीसुद्धा तीच शिजवून देते. तिला नारायणगावला शिवणाचा वर्ग लावायचा होता, पैसे भरून झाले होते, तो राहिला. ती मला उलट शब्द बोलत नाही. एक शब्द नाही. ती बोलत नाही, तिची भांडी बोलतात. परवा तिने पातेलं असं ठेवलं की तुमच्या बंधूंनी माडीवरून विचारलं, काय पडलं? मी म्हटलं, काही नाही, सूनबाई काम करतात.

आता अक्षरांचं सांगते, म्हणजे माझ्यावर काय प्रसंग गुदरला ते कळेल. दुसऱ्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाय हवेत धरून अंगठ्याने ए बी सी डी काढा, घोटा सगळीकडे फिरतो. मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही. तर ती पोरगी सहज म्हणते, "मग अ आ इ ई काढा की!" वन्सं, माझ्या अंगावर काटा आला. पायाने अक्षर? सरस्वतीला पाय? माझ्या बालवाडीत पाटीला चुकून पाय लागला तर पोराला पाटीच्या पाया पडायला लावते मी, आणि ते तीन वर्षांचं असलं तरी सोडत नाही. मी अंगठ्याने श्री काढू? ग गणपतीचा काढू? मी चप्पल घालून जिना उतरायला लागले. (एक चप्पल. दुसरी पायात जात नव्हती.) डॉक्टरीणबाई मागे धावत आल्या आणि म्हणाल्या, बरं, आकडे काढा. मी म्हटलं, आकडे म्हणजे लक्ष्मी, आणि खाली तुमचे आजोबा बसलेत, त्यांना विचारून या. त्या विचारायला गेल्या नाहीत.

शेवटी तोड निघाली ती इंग्रजीवरच. इंग्रजीला पाय लागला तर दोष लागतो असं आपल्याकडे कुठे सांगितलेलं नाही. पण येत नव्हती ना! तेव्हा वृषाली, भाकऱ्या झाल्या की, माझ्यासमोर पाटी घेऊन बसायची, एक एक अक्षर काढायची, आणि मी खाटेवर बसून हवेत अंगठ्याने गिरवायची. ती फार कडक आहे. "आई, बीचं पोट उलटीकडं झालं. परत काढा." "आई, जीला शेपूट न्हाई दिली." एकदा तर मला छडी दाखवली. पोळपाटावरचं लाटणं होतं, पण दाखवलं छडीसारखं. गंमत म्हणजे एस काढताना घोटा अजून दुखतो आणि ती मुद्दाम एस चार वेळा काढायला लावते. आता मला इंग्रजी झेडपर्यंत येते. पण वन्सं, डाव्या पायाने येते, हाताने येत नाही. परवा बँकेत साहेब म्हणाला, इंग्रजीत सही येते का? मी येते म्हटलं आणि सवयीने चप्पल काढायला लागले.

एवढं सगळं केलं. दीड महिना केलं. मागच्या गुरुवारी डाव्या पायावर बावीस सेकंद उभी राहिले. मी पेढे घेऊन गेले होते. पेढा तोंडात टाकता टाकता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, एक मात्र लक्षात ठेवा. या पायाने आता कुणालाही लाथ मारायची नाही. कधीच नाही." मी म्हटलं, हळू मारली तर? नाही. नुसती टेकवली तर? नाही. एकदा पुन्हा दणका बसला तर बंध कायमचे जातील, मग काठीशिवाय चालणं नाही. पेढा मात्र त्यांनी दुसरा घेतला.

ही बातमी मी घरी पोचायच्या आत गावात पोचली, आणि शनिवारी सकाळी भागूभाऊजींना आठवलं की आपणही पायाळू आहोत! छप्पन्न वर्षं डोक्याने जन्मलेला माणूस शनिवारी पायाने जन्मला! देवळापुढे सांगत सुटले की त्यांची आई त्यांना लहानपणी विजांच्या वेळी उंबऱ्याबाहेर जाऊ देत नसे, कारण पायाळूवर वीज पडते. विजा चमकताना कुठली आई पोराला बाहेर सोडते? रविवारी त्यांनी ओसरीत घोंगडी अंथरली. सोमवारी लंकाबाईचा मोठा मुलगा गेला, तीन लाथा खाल्ल्या आणि चालत घरी आला. उसण गेली म्हणे! मला सांगा, डोक्याने जन्मलेल्या माणसाच्या लाथेने उसण जातेच कशी? मग पायाळूपणाला अर्थ काय उरला? लाथ काय, म्हैससुद्धा मारते! मी तशीच पट्टा बांधून लंगडत त्यांच्या ओसरीत गेले आणि चारचौघांत विचारलं की तुम्ही पायाळू हे बघितलं कुणी? सुईण तर केव्हाच वारली. तर भाऊजी घोंगडीवरून न उठता म्हणाले, "वैनी, तुमी पायाळू हाय हे तरी कुनी बघितलं? तुमचं माहेर तिकडं लांब. साळूनंच सांगितलं व्हतं न्हवं गावाला? मग येऊ द्या साळूला जत्रंला. समद्यांम्होरं देवाची आन घालून इचारू."

आणि गाव हो म्हणालं. ज्यांच्या कमरा मी वाचवल्या तेच हो म्हणाले, आणि सगळ्यात मोठ्याने कोण, तर हौशीराम.

तेव्हा वन्सं, जत्रेला लवकर या. देवळापुढे ताठ उभ्या राहा आणि जे खरं आहे ते सांगा. मला दुसरं काही नको. मी कुणाला कधी खोटं बोलायला लावलेलं नाही. दाजींना नमस्कार, त्यांनी हे पत्र नीट वाचून दाखवलं असेल तर त्यांचे आभार, आणि काढा परसात ओतू नका म्हणावं.

तुमची,
प्रयागबाई
(डावा पाय: बावीस सेकंद. उजवा: मोजणं सोडून दिलं.)

ता. क. — इथून पुढचं दाजींना वाचू देऊ नका. कागद त्यांच्या हातून घ्या, चष्मा लावा आणि गोठ्यात जाऊन एकट्या वाचा. वाचून झालं की चुलीत घाला.

वन्सं, मी पायाळू नाही. हे जगात फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. मी तुमच्यासारखी, भागूभाऊजींसारखी, डोक्यानेच आले. मी अठरा वर्षांची, लग्नाला सात महिने झालेले. आत्याबाईंनी त्या दिवशी माझ्या हातचं कालवण सगळ्यांसमोर म्हशीच्या आंबोणात ओतलं होतं, आठवतं? मी रडले नाही, पण रात्रभर दात आवळून माझे गाल दुखले. दुसऱ्या दिवशी त्यांची कंबर भरली. आणि तुम्ही, पंधरा वर्षांच्या, चुलीपुढे बसून भाकरी खाताखाता म्हणालात, "आये, वैनी पायाळू हाय की. तिला सांग लाथ घालाया." मला वाटलं तुम्ही थट्टा करताय. मग तुम्ही माझ्याकडे बघून डोळा मारलात. मी त्या उंबऱ्याशी एका पायावर उभी राहिले तेव्हा थरथरत होते, आणि तुम्ही माझा दंड धरून ठेवला होता. पहिली लाथ हळू बसली. दुसरी मध्यम. तिसरी, देव मला क्षमा करो, आंबोणाची होती. आणि आत्याबाई उठून बसल्या! कंबर हलवून बघितली आणि म्हणाल्या, गेली. त्या दिवसानंतर त्यांनी माझं कालवण कधी ओतलं नाही. पुढे दर महिन्याला त्यांची कंबर भरायची, मी तीन लाथा घालायची, आणि आमचं बरं चालायचं.

म्हणून मागणं एवढंच, की देवाची आण घेऊन खोटं बोला असं मी म्हणत नाही. पण तेव्हा जे म्हणालात तेच पुन्हा म्हणा. त्याला खोटं म्हणायचं की नाही ते देव बघेल. त्यालाही कधी उसण भरत असेल.

ता. क. दुसरा. — (बुधवार सकाळ.) घात झाला. पाकिटाला डिंक लावायला पत्र तुमच्या बंधूंकडे दिलं आणि त्यांनी वाचलं. सगळं, वरचा ता. क. सकट. मी चुलीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "आयेला ठावं व्हतं."

काय ठाऊक होतं? तर आत्याबाईंनी आमच्या लग्नातच माझ्या आईला माझा जन्म कसा झाला, कोणत्या वारी झाला, सगळं विचारून घेतलं होतं. त्यांना पहिल्या लाथेपासून माहीत होतं. शेवटच्या आजारात त्यांनी ते तुमच्या बंधूंना सांगितलं. म्हणाल्या म्हणे, "सूनबाय दिसभर राबती, मी बोलती, ती गिळती. ह्या घरात तिनं चिडायचं कुनावर? घालू दे मला तीन लाथा, मन मोकळं हुतं पोरीचं." आणि वर हेही म्हणाल्या, की तिसरी लई जोरात घालायची.

वन्सं, मला इतका राग आला की सांगता सोय नाही. अडतीस वर्षं मला वेड्यात काढलं! त्यांनी तरी एका शब्दाने सांगायचं, नाही तर तुमच्या बंधूंनी. मी विचारलं, मग त्यांची कंबर तरी खरी भरायची का? तुमचे बंधू म्हणाले, "कोन जानं." आणि बर्फ आणायला निघून गेले. मी तिथेच बसून रडले, आणि मी कुणावर रागावून रडते आहे तेच मला कळेना. आता त्यांच्यावर राग काढायलाही त्या नाहीत. सकाळभर मी कपाळाला हात लावून बसले होते आणि स्वयंपाकघरात वृषालीची भांडी बोलत होती.

तेव्हा वरचं मागणं रद्द समजा. माझ्या पायाचं काही बोलू नका. भागूभाऊजींना खुशाल लाथा घालू द्या, त्यांचीही उसण जाऊ दे. देवळापुढे विचारलं तर सांगा की प्रयागबाईचं जुनं झालं, तिच्या पायाला डॉक्टरची मनाई आहे. आणि मग तुम्ही घरी या, चुलीपुढे बसा, भाकरी खाताखाता अगदी सहज, तेव्हासारखंच म्हणा, की वृषाली पायाळू आहे. मी म्हटलं तर तिला पटायचं नाही, पोर हुशार आहे. तुम्ही म्हटलं तर पटेल, आणि तुम्हाला अजून डोळा मारता येत असेल. ती एका पायावर उभी राहील तेव्हा तिचा दंड धरा, पहिल्यांदा फार थरथरायला होतं.

उंबऱ्याशी पहिली मी पालथी पडणार आहे. कंबर अजून भरलेली नाही. जत्रेपर्यंत भरेल.